पंचांच्या निर्णयावर ‘नाराजी’: हा शब्द बरोबर आहे का?

विचारणा
क्रिकेटपटूला दंड झाला की मराठी बातमीत ठरलेलं वाक्य येतं: ‘पंचांच्या निर्णयावर नाराजी व्यक्त केल्यामुळे मानधनात कपात’. इंग्रजी बातमीत त्या जागी ‘डिसेंट’ असतो. चुकीचं पायचीत दिल्यावर साधं नाराज होणं हासुद्धा गुन्हा आहे का? काही ठिकाणी ‘हुज्जत’ही वाचलं. नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद
नाराज होण्यावर बंदी नाही, ते दाखवण्यावर आहे. आयसीसीच्या आचारसंहितेतल्या २.८ या कलमात याचे नमुनेच दिले आहेत: बाद दिल्यावर रेंगाळणं, मान हलवणं, पायचीत दिल्यावर बॅटच्या आतल्या कडेकडे बोट दाखवणं, यष्टीमागे झेलबाद दिल्यावर (चेंडू बॅटला नव्हे, खांद्याला लागला हे सुचवत) खांदा चोळणं, पंचांशी वाद घालत बसणं. ‘हुज्जत’ हा शब्द यातल्या शेवटच्या प्रकाराला शोभतो. खांदा चोळणारा तर तोंडातून अवाक्षरही काढत नाही, त्याने हुज्जत घातली असं कसं म्हणणार? या सगळ्यांना पुरेल असा शब्द मला ‘उघड नापसंती’ वाटतो.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती बातम्यांत क्वचितच येते. पंचांचा निर्णय खरोखर चुकला होता, हा बचाव चालत नाही.

प्रतिसाद
मग गावसकरांनी केलं ते काय? फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. ७० धावांवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना गोलंदाज डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, हे ते खुणेनं दाखवत राहिले. तिथपर्यंत ‘नापसंती’ ठीक. पण पुढे ते जोडीदार फलंदाज चेतन चौहानांनाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. त्याला मी सरळ ‘सभात्याग’ म्हणेन. भारतीय संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी सीमारेषेपाशी चौहानांना परत पाठवलं म्हणून सामना वाचला, आणि पुढे तो भारताने ५९ धावांनी जिंकला! आपल्याला निर्णयापेक्षा लिलीची शिवीगाळ लागली होती, असं गावसकरांनी नंतर सांगितलं आणि त्या कृतीबद्दल खेदही व्यक्त केला.

प्रतिसाद
‘सभात्याग’ आवडला. पण अन्याय झाला तर खेळाडूने गप्प बसायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘दाद मागणे’ आहे. क्रिकेटमधलं अपील ही दादच. ती मागितल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊच शकत नाहीत. भारताच्या २००८ च्या श्रीलंका दौऱ्यापासून डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने पुन्हा तपासून घेण्याची (रिव्ह्यूची) पद्धत आली. आता १५ सेकंदांत हाताने ‘टी’ची खूण केली की तीही दाद.

२०२२ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर, कंबरेच्या वर आलेला चेंडू पंचांनी नो-बॉल दिला नाही म्हणून दिल्लीचा कर्णधार ऋषभ पंतने फलंदाजांना बाहेर यायची खूण केली आणि सहायक प्रशिक्षक प्रवीण आमरे थेट मैदानात गेले, तेव्हा अशा चेंडूवर दाद मागायची सोयच नव्हती. दोघांचंही सामन्याचं पूर्ण मानधन गेलं, आमरेंवर एका सामन्याची बंदीही आली. शिक्षा योग्यच होती. पण पुढच्याच हंगामात आयपीएलमध्ये वाइड आणि नो-बॉलवर रिव्ह्यू घेता येऊ लागला, हेही विसरू नये.

प्रतिसाद
‘उघड नापसंती’ सगळीकडे चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये मीरपूरला हरमनप्रीत कौरने बाद दिल्यावर बॅटने यष्ट्या उडवल्या आणि बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली. तिला दोन सामने बाहेर बसावं लागलं. याला ‘नापसंती’ म्हणणं फार मिळमिळीत, हा थयथयाट होता.

जाता जाता, ‘अंपायर्स कॉल’ला (रिव्ह्यूत फरक अगदी थोडा असला की मैदानावरच्या पंचांचाच निर्णय कायम राहतो, त्याला) ‘पंचांचा कौल’ म्हणावं. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात आणि मिळालेला कौल मानतात. तो अर्थ इथे चपखल बसतो.

विचारणा करणारा
आभार. म्हणजे बॅटची कड दाखवली तर ‘निर्णयाबद्दल उघड नापसंती दाखवली’, तोंडाने वाद घातला तर ‘पंचांशी हुज्जत घातली’, आणि रिव्ह्यू घेतला तर ‘दाद मागितली’. ‘नाराजी’ मी यापुढे फक्त प्रेक्षकांसाठी ठेवेन.