बाबांच्या सीबीसीत लिम्फोसाइट १२ टक्के आलेत, कितपत घाबरायचं?

अर्धी_झोप

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६७, बीपीची गोळी चालू, बाकी काही नाही) फ्लू झालाय, टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आलं, तापाचा आज पाचवा दिवस. काल सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली. टोटल डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ३,४००, त्यातल्या प्रकारांचे टक्के असे: न्यूट्रोफिल ८२, लिम्फोसाइट १२, मोनोसाइट ६, इओसिनोफिल ०. रिपोर्टवर सगळीकडे वर-खाली बाण आणि ठळक अक्षरं. डॉक्टर म्हणाले व्हायरलमध्ये होतं असं, ओसेल्टामिविर (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) दुसऱ्या दिवसापासूनच चालू आहे ती पूर्ण करा. ऑक्सिजन ९६, खोकला बराच आहे पण बोलताना दम लागत नाही.

पण ताईने रात्री गुगल केलं आणि तिथून कुठून तरी "लिम्फोसाइट कमी म्हणजे मृत्यूचा धोका जास्त" असं वाचून मला दोन वाजता फोन केला, तेव्हापासून दोघंही जागे. प्रश्न दोन आहेत. एक, शरीर लढतंय तर सैनिक वाढायला हवेत ना, मग कमी कसे झाले? आणि दोन, ह्या आकड्यांवरून पुढे काय होणार ते खरंच कळतं का?

स्लाइडखालचा_माणूस

मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, तेव्हा फक्त आकड्यांबद्दल बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे टक्के बघू नका. टक्क्यांनी जेवढे लोक घाबरतात तेवढे दुसऱ्या कशानेच घाबरत नाहीत. ३,४०० चे १२ टक्के म्हणजे ४०८ लिम्फोसाइट, हे खरंच कमी आहेत, मोठ्या माणसात साधारण हजाराच्या वर हवेत. पण न्यूट्रोफिल बघा, ३,४०० चे ८२ टक्के म्हणजे २,७८८, म्हणजे एकदम नॉर्मल! रिपोर्टवर ८२ ला वरचा बाण दिलाय म्हणून तुम्हाला वाटतंय न्यूट्रोफिल वाढलेत, पण ते वाढलेलेच नाहीत, लिम्फोसाइट घटले म्हणून बेरीज शंभर करायला ह्यांचा वाटा मोठा दिसतोय एवढंच.

आता सैनिक कुठे गेले. रक्तात कुठल्याही वेळी शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम २ टक्के असतात, बाकीचे सगळे लिम्फच्या गाठींमध्ये, प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत. रक्त म्हणजे त्यांचा रस्ता आहे, घर नव्हे. व्हायरस आला की इंटरफेरॉनचा (पेशी धोक्याच्या वेळी सोडतात ते प्रथिन) सिग्नल जातो आणि ते गाठींमध्ये थांबून राहतात किंवा फुप्फुसाकडे जातात, काही मरतातही, शिवाय आजाराच्या ताणाने कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं त्यानेही रक्तातले कमी होतात. आम्ही नेमकं रस्त्यावरचं रक्त काढतो आणि म्हणतो अरे इथे कुणीच नाही.

वॉर्डातली_बाई

मेडिसिनमध्ये आहे म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं लिहिते. ताईंनी वाचलं ते खोटं नाही पण अर्धं आहे. कोविडच्या पहिल्या वर्षात हे भरपूर बघितलं गेलं. मार्च २०२० मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात वुहानच्या १९१ रुग्णांचा पेपर आला होता, त्यातले ५४ गेले. जे वाचले त्यांचे लिम्फोसाइट सातव्या दिवसाच्या आसपास तळाला जाऊन मग वर यायला लागले, जे गेले त्यांचे शेवटपर्यंत खालीच राहिले. म्हणजे खाली *जाणं* दोन्हीकडे होतं, फरक पडला तो वर येण्यात. तुमच्या बाबांचा आज पाचवा दिवस आहे, एका रिपोर्टवर कुणी भविष्य सांगत असेल तर ऐकू नका, माझंही ऐकू नका.

न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असं एक गुणोत्तर, एनएलआर म्हणतात, ते बाबांचं ६.८ येतं. निरोगी माणसात साधारण १ ते ३. जास्त एनएलआर असलेले रुग्ण सरासरीने जास्त आजारी निघतात हे खरं, पण सरासरी म्हणजे गर्दीबद्दलचं विधान असतं, एका माणसाबद्दलचं नाही. वय, मधुमेह, फुप्फुसाचे जुने आजार, ह्यांनी परिणाम फिरतो. आणि मी वॉर्डात राऊंडला गेले की आधी पेशंटचा श्वास मोजते, मग फाइल उघडते.

फ्लूमध्ये एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा ताप, पिवळा किंवा रक्ताळलेला कफ, छातीत दुखणं, असं झालं तर वर बॅक्टेरियाचा न्यूमोनिया बसलेला असू शकतो. न्यूमोकोकस, स्टॅफ ही नेहमीची मंडळी. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यूही ह्या दुसऱ्या इन्फेक्शननेच झाले असं जुन्या शवविच्छेदनाचे नमुने पुन्हा तपासून २००८ मध्ये मांडलं गेलं. अशा वेळी डब्ल्यूबीसी बहुतेकदा उसळतात, १५,००० वगैरे. पण फ्लूनंतरच्या स्टॅफ न्यूमोनियात ते वाढण्याऐवजी आणखी कोसळले तर ते जास्त वाईट, कारण पेशी बनतात त्यापेक्षा वेगाने खर्च होतायत. म्हणून जास्त वाईट, कमी चांगलं असं सोपं गणित इथे चालत नाही.

ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास जोरात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, लघवी कमी, ह्यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना.

सावळा_गोंधळ

आमच्याकडे उलटं झालं होतं. आईला कोविडमध्ये ॲडमिट केलं, डब्ल्यूबीसी ६,००० होते, तीन दिवसांत १७,००० आणि आम्ही सगळे हवालदिल, अँटिबायोटिक बदला म्हणून मी सिस्टरशी भांडलो सुद्धा. नंतर कळलं की स्टेरॉइड चालू होतं म्हणून. ते का होतं ते मला आजपर्यंत नीट कुणी सांगितलं नाही.

आणि जाता जाता, पांढऱ्या पेशी वाढवायची इम्युनिटी बूस्टर गोळी वगैरे ह्यांच्या बाबांना द्यायला हरकत नाही ना?

स्लाइडखालचा_माणूस

स्टेरॉइडचं मी सांगतो. बरेचसे न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, ते मोजणीत येतच नाहीत. स्टेरॉइडने ते भिंत सोडून प्रवाहात येतात, वर बोन मॅरोमधूनही (हाडांतला मगज, जिथे पेशी बनतात) सुटतात. त्यात लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल खाली जातात, त्यामुळे स्टेरॉइडवरच्या माणसाचा एनएलआर काढणं म्हणजे टाइमपास. स्लाइडवर कच्चे न्यूट्रोफिल खूप दिसले तर मात्र आम्ही इन्फेक्शनचा संशय कळवतो.

वॉर्डातली_बाई

+१. आणि कुणी हे वाचून घरी स्टेरॉइड सुरू करू नका प्लीज. २०२० च्या 'रिकव्हरी' नावाच्या कोविड औषधांच्या ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉइडच्या ६ मिलिग्रॅमचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना झाला, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना झाला नाही. तेही कोविडमध्ये. फ्लूमध्ये असा फायदा सिद्ध झालेला नाही.

बूस्टर गोळीला माझी हरकत आहे. गंभीर व्हायरल न्यूमोनियात फुप्फुसाचं बरंचसं नुकसान आपल्याच पेशींनी केलेलं असतं. न्यूट्रोफिल तिथे जाऊन स्वतःच्या डीएनएची चिकट जाळी फेकतात, जंतू अडकावेत म्हणून, पण त्या जाळीने बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्याही होतात. हे बूस्ट करून काय मिळवणार?

चिमणीची_आई

विषय थोडा वेगळा पण माझ्या दोन वर्षांच्या मुलीचे लिम्फोसाइट ६० टक्के आलेत सर्दीतापात. तिचे जास्त का?

स्लाइडखालचा_माणूस

त्या वयात तेच नॉर्मल. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांमध्ये लिम्फोसाइटच जास्त असतात, नंतर पारडं फिरतं. रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापली असेल, लॅबला विचारा.

अर्धी_झोप

अपडेट. आज आठवा दिवस, काल सकाळपासून ताप नाही, ऑक्सिजन ९७. डॉक्टरांनी सीबीसी पुन्हा करायला सांगितली, डब्ल्यूबीसी ४,६००, न्यूट्रोफिल ६८, लिम्फोसाइट २२, मोनो ९, इओसिनोफिल १. ह्यावेळी मी स्वतः गुणाकार केला, १,०१२! ताईला फोन करून सांगितलं तर म्हणते २२ ला अजून चांगला की वाईट बाण आहे ते सांग.

स्लाइडखालचा_माणूस

बाण नाहीये, २० ते ४० नॉर्मल धरतात. आणि तो इओसिनोफिल १ बघून मला जास्त बरं वाटलं, आजार जोरात असताना ते गायब होतात आणि माणूस सावरायला लागला की परत दिसतात. ताईंना म्हणावं आता झोपा.