ईव्ही वाढल्या की धूर फक्त वीज केंद्राच्या चिमणीकडे सरकतो का?

शंकेखोर: गाडीचा धूर बंद झाला तरी वीज कोळशाचीच असेल तर फायदा काय? हिशेब कसा मांडायचा? सगळीकडे ग्रिडची सरासरी, म्हणजे सगळ्या वीज केंद्रांचं मिळून युनिटमागचं उत्सर्जन लावतात, ती बरोबर आहे का?

भारप्रेषक: आधी आकडे. गाडीला बॅटरीतून १०० किमीला १५ युनिट लागतात असं धरा. चार्जिंगमध्ये १२ टक्के आणि तारांमध्ये ८ टक्के गळती धरली, तर वीज केंद्रात साधारण १८.५ युनिट तयार व्हायला हवीत. कोळशावर युनिटला ०.९५ किलो धरल्यास १७.६ किलो कार्बन डायऑक्साइड, गॅसवर ०.४ ने ७.४ किलो. पेट्रोल गाडी ६ लिटर खात असेल तर लिटरला २.३ किलोप्रमाणे १३.८ किलो, आणि तेल उपसून शुद्ध करण्याचं आणखी वीसेक टक्के. (मग कोळशाच्या खाणीचंही धरा, नाहीतर तराजू झुकतो.) म्हणजे निव्वळ कोळशावर नफा नाहीच, उलट किंचित तोटा.

सरासरी मात्र इथे फसवते. तुम्ही प्लग लावला की जे केंद्र उत्पादन वाढवतं, त्याचाच आकडा लागू होतो. संध्याकाळी सातला सौर वीज उतरलेली असते, तेव्हा बहुधा गॅस किंवा कोळसाच वाढतो. दुपारी सौर वीज वाया जात असेल तर वाढीव उत्सर्जन जवळपास शून्य.

संच५००: एक फसवा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: 'रात्री ईव्ही लावल्या की कोळशाचा वीजनिर्मिती संच जास्त भारावर, म्हणून स्वच्छ चालतो.' समजा ५०० मेगावॉटचा संच २७५ वर युनिटला १.०२ किलो सोडतो आणि ४०० वर ०.९५. युनिटमागे आकडा घटला, पण तासाचं उत्सर्जन २८० टनांवरून ३८० वर गेलं! वाढीव १२५ मेगावॉटला युनिटमागे ०.८ किलो पडले. सरासरीपेक्षा कमी, शून्य नव्हे.

शंकेखोर: मग दुपारी सावकाश, ६ अँपिअरवर लावावी?

भारप्रेषक: दुपारी हो, सावकाश नको. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॉट. चार्जिंग चालू असताना गाडीची इलेक्ट्रॉनिक्स २५० वॉट खात असेल तर १८ टक्के तिथेच गेले. ३२ अँपिअरवर तेच साडेतीन टक्क्यांच्या आत. वायरिंग झेपत असेल तरच, अर्थात. आणि टायमर गाडीत किंवा चार्जरमध्ये, एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे वेगळ्या वेळा पडल्या की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि बॅटरी रिकामीच राहते.