आयर्न मेडन: लाइव्हला नवीन गाणी का नाहीत?

ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनच्या रन फॉर युअर लाइव्ह्ज टूरची सेटलिस्ट (गाण्यांची यादी) बघितली का? सगळं १९८० ते ९२ मधलं, २०२१ च्या 'सेनजुत्सु' अल्बमचं एकही गाणं नाही. बँडचाच विश्वास उडाला की काय?

प्रतिसाद १:
अरे ५० वर्षांची टूर आहे ती, मुद्दाम पहिल्या नऊ अल्बमवर ठेवलीय. आधीच्या फ्युचर पास्ट टूरला सेनजुत्सुची पाच होती की.

प्रतिसाद २:
खरं सांगू, सेनजुत्सु ८० मिनिटांच्या वर, त्यात शेवटची तीन गाणी बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसने लिहिलेली, एकेक दहा मिनिटांच्या पुढे, घरी हेडफोन लावून भारी वाटतात पण ग्राउंडवर पब्लिक तेवढ्यात पाण्याच्या रांगेत जाऊन येतं 😅

प्रतिसाद ३:
रांगेत तू जा. त्यातल्याच शेवटच्या 'हेल ऑन अर्थ'चा शांत इंट्रो संपून तिन्ही गिटार एकदम सुटतात ना, अंगावर काटा येतो राव.

प्रतिसाद ४:
मला ड्रमर निको मॅकब्रेन नाही याचंच जास्त वाईट वाटतं. २०२३ ला स्ट्रोक येऊनही गडी टूरवर वाजवत होता, शेवटी डिसेंबर २०२४ ला थांबला. त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन टाइट वाजवतो, पण निकोचा तो लोळता फील नाही. आणि २००८ ला बीकेसीतून टूर सुरू केलेली यांनी, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान उडवायचा, आता परत मुंबईला या की!