चर्च आणि गुलामगिरी : ‘रिपरेशन्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : गुलामगिरीतून चर्चला मिळालेल्या संपत्तीविषयी वाचताना ‘रिपरेशन्स’ हा शब्द सतत येतो, म्हणजे झालेल्या अन्यायाबद्दल पीडितांना किंवा त्यांच्या वंशजांना जे द्यायचे ते. त्यासाठी ‘नुकसानभरपाई’ लिहावे की धार्मिक संदर्भ पाहता ‘प्रायश्चित्त’ अधिक योग्य ठरेल?

प्रतिसाद : ‘नुकसानभरपाई’ मला येथे खटकतो, आणि त्याचे कारण इतिहासातच आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द केली तेव्हा २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली, पण ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टनचे उसाचे मळे चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचे होते. तेथे एके काळी गुलामांच्या छातीवर संस्थेच्या नावातला ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जात असे, आणि नुकसानभरपाईच्या रकमेतला वाटा त्या संस्थेलाही मिळाला.

‘प्रायश्चित्त’ घेतले जाते ते स्वतःच्या शुद्धीसाठी, त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या शब्दात कुठेच नसतो. अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी, १८३८ साली २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली आणि त्या पैशातून जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडले. २०१७ साली त्याबद्दल प्रार्थनासभेत जाहीर क्षमा मागण्यात आली, तेवढ्याला ‘प्रायश्चित्त’ म्हणता येईल. मात्र विकलेल्यांच्या वंशजांशी बोलणी होऊन २०२१ साली जेझुइटांनी १० कोटी डॉलर उभे करण्याचे जे वचन दिले, त्याला तो शब्द पुरत नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे बोलतो, म्हणून मी ‘परतफेड’ सुचवेन.

दुसरा प्रतिसाद : जक्कयाचा दाखला समर्पक आहे, पण परतफेड होते ती उसनवारीची, आणि येथे कोणी स्वखुशीने काही उसने दिलेले नव्हते. ‘ऋण’ तर मुळीच नको, कारण त्यात कृतज्ञता मिसळलेली असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते जेम्स फोरमन यांनी मे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये प्रार्थना थांबवून गोऱ्यांच्या चर्चांकडे व ज्यूंच्या सिनेगॉगांकडे ५० कोटी डॉलर मागितले, तेव्हा ती देणगीची याचना नव्हती, थकलेल्या देण्याची मागणी होती. म्हणून क्रियापद हवे तेथे ‘देणे चुकते करणे’ आणि नाम हवे तेथे ‘अन्यायाची भरपाई’ असे मी लिहीन. ‘नुकसान’ पुरातही होते आणि आगीतही, पण अन्याय म्हटले की तो करणाराही समोर उभा राहतो.

एक पथ्य मात्र पाळावे. चर्च ऑफ इंग्लंडची गुंतवणूक सांभाळणाऱ्या आयुक्तांनी गुलामगिरीशी असलेल्या जुन्या संबंधांबद्दल जानेवारी २०२३ मध्ये १० कोटी पौंडांची घोषणा केली ती गुंतवणुकीच्या निधीची होती, व्यक्तींना रोख रक्कम देण्याची नव्हे. अशा ठिकाणी ‘निधी’ असेच लिहावे आणि ‘भरपाई’ हा शब्द, ज्यांचे देणे आहे त्यांच्यापर्यंत काही प्रत्यक्ष पोचेल त्या बातमीसाठी राखून ठेवावा.