घरी अहिराणी, शाळेत इंग्रजी : शाब्दिक उदाहरणं अडतात, काय करावं?

पांझराकाठ :
धुळ्यात अवधान एमआयडीसीतल्या कामगारांची तिसरी-चौथीची मुलं संध्याकाळच्या वर्गाला येतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमधून इंग्रजी शाळेत गेलेली. धडा धडाधड वाचतात, वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की हात थांबतो. घरी अभ्यास घेणारं कोणी नाही. माध्यम बदलावं का?

दादर :
आधी अडतंय कुठे ते पाहा. एकच उदाहरण तीन तऱ्हांनी द्या : नुसतं १८ – ७, मग तेच अहिराणीतून तोंडी, शेवटी पुस्तकातलं इंग्रजी. फक्त तिसरं अडलं तर गणित पक्कं आहे, इंग्रजी आडवं येतंय. दुसऱ्यातच अडलं तर माध्यम बदलूनही फरक पडणार नाही. चिंचोके घेऊन वजाबाकी मुळापासून घ्या.

मुलं अवघड शब्दांपेक्षा ‘लेफ्ट’, ‘ईच’, ‘फ्युअर दॅन’, ‘हाउ मेनी मोअर’ अशा बारक्या शब्दांवर जास्त चुकतात. ‘मोअर’ दिसलं की बेरीज करून मोकळी, मग विचारलेला फरक का असेना. शब्दार्थ पाठ करून हे सुटत नाही. उदाहरण वाचून झालं की आकडे बोटाने झाका आणि विचारा, ‘काय इचारेल शे?’ अहिराणीत सांगू द्या. मग चित्र, मग मांडणी, आणि उत्तर इंग्रजी वाक्यात. रोज तीन उदाहरणं पुरे. दहा दिलीत की पुन्हा आकडे उचलून अंदाज सुरू होतो.

शाळा राज्य मंडळाची असेल तर त्याच इयत्तेचं बालभारतीचं मराठी गणिताचं पुस्तक घ्या. पीडीएफ फुकट मिळते. उद्याचा भाग आज मराठीतून वाचून गेलेलं मूल वर्गात हरवत नाही. सीबीएसईला धड्याशी धडा जुळत नाही, घटक बघून जुळवावं लागतं.

केळीबाग :
माध्यम बदलायचंच तर पाचवीच्या आत, आणि शक्यतो सेमी-इंग्रजीत. तिथे गणित-विज्ञान इंग्रजीतच राहतं, शिकलेलं वाया जात नाही. अडचण येते मराठी लेखनाची : जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, परिसर अभ्यासाची लांब उत्तरं. उन्हाळ्याच्या सुटीत रोज अर्धा तास श्रुतलेखन घ्याच.

पालकांना हेही आत्ताच सांगा : आरटीईची मोफत जागा आठवीपर्यंत. नववीपासून फी भरावी लागते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे.

दादर :
सेमीचं पटलं. पण मुलाची वजाबाकी पक्की असेल तर आधी एक सत्र वरची पद्धत चालवून बघा. आणि निरक्षर आई अभ्यास घेऊ शकत नाही हे मला मान्य नाही. स्वयंपाक करता करता तिने धडा अहिराणीत सांगायला लावायचा. मूल जिथे अडखळेल तो भाग कळलेला नाही. तिथे पानावर पेन्सिलीने खूण करायला सांगायची. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही फक्त ती खुणेची पानं घ्या.