दिवाळीला ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टरना भेट द्यायची की नाही?

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. कुठेच नोकरीत नाही, चार हॉस्पिटलांत कॉलवर जातो. गेली बारा वर्षं धनत्रयोदशीच्या आसपास चारही ओटीतल्या सिस्टरना काहीतरी देतो, कधी स्टीलचे डबे, कधी पैठणी पर्स, आता वस्तू निवडायचा कंटाळा आला म्हणून सरळ पाकीट. यंदा एका ठिकाणच्या ॲडमिनचा मेसेज आलाय, कन्सल्टंटनी स्टाफला वैयक्तिक भेटी देऊ नयेत, द्यायच्याच तर रिसेप्शनला जमा करा, आम्ही सगळ्यांत वाटू. मला अजिबात पटलेलं नाही. रात्री अडीचला सिझरचा कॉल येतो, मी पोचेपर्यंत सलाईन चालू, सक्शन तपासलेलं, स्पायनलचा (पाठीतून भूल द्यायचा) ट्रे मांडलेला, हे जी बाई करते तिला मी वर्षातून एकदा स्वतःच्या खिशातून हजार रुपये दिले तर ते ॲडमिनच्या डब्यात का जावेत? वर मेसेजमध्ये 'गैरसमज टाळण्यासाठी' असा शब्द. म्हणजे लाच म्हणायचंय, धीर होत नाही एवढंच.

रातपाळी
सर राग मानू नका पण मी ॲडमिनच्या बाजूने. मी आयसीयूला स्टाफ नर्स, नऊ वर्षं झाली. भेटी येतात त्या ओटीत येतात कारण सर्जन आणि भूलवाले तिथे असतात. मेडिसिन वॉर्डात तीस पेशंटला दोघी पळत असतात, तिथे फिजिशियन राऊंड घेतात, सह्या करतात आणि गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यानं हात भाजलेली पोरं येतात, धुरानं दमा उसळलेले आजोबा येतात, आणि त्या रात्री जी ड्युटीवर असते तिला सोनपापडीचा तुकडासुद्धा मिळत नाही कारण बॉक्स दिवसा येतात आणि इन्चार्जच्या कपाटात जातात. कपाटाची चावी कुणाकडे ते विचारू नका.

हाडांचा_डॉक्टर
रिसेप्शनला जमा करायचे आणि मग तेच 'हॉस्पिटलतर्फे दिवाळी' म्हणून वाटायचे, हा खेळ मी बघितलाय. आमच्या पैशावर मालकाचं नाव. बोनसचा कायदा 1965 पासून होता, 2025 मध्ये तो वेतन संहितेत आला, वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पगार असलेल्याला पगाराच्या किमान 8.33 टक्के बोनस द्यायलाच लागतो, मग किती हॉस्पिटलं देतात? मिठाईचा डबा आणि पाचशेची नोट, झाली दिवाळी. आधी तो द्या मग आमची पाकिटं मोजा.

मेट्रनबाई
दोन्ही बाजूंचं ऐकलं, आता माझं. 22 वर्षांत मी हे बघितलंय की ज्या सरांचं पाकीट जाड त्यांची केस लिस्टवर आपोआप वर सरकते. कुणी सांगत नाही, कुणी मागत नाही, पण सरकते. गेल्या वर्षी एक नवीन गायनॅक मॅडम आल्या, कर्ज काढून क्लिनिक टाकलेलं, त्यांनी दिवाळीला काही दिलं नाही. पुढचे दोन महिने त्यांच्या केसला नेमका एक फोर्सेप सापडायचा नाही. पोरींना झापलं मी, पण रोज किती ठिकाणी उभी राहणार?

हाडांचा_डॉक्टर
मेट्रनबाई, मग हा तुमच्या ओटीचा प्रॉब्लेम झाला, भेटीचा नाही. आणि उलटं पण असतं की, आमच्याकडे एक सर आहेत, ऑपरेशन चालू असताना ट्रे भिरकावतात, सिस्टरला नको ते बोलतात आणि दिवाळीला चांदीचं नाणं देतात. त्यांची केस लागली की पोरी ऑफ मागतात. नाण्यानं काही सरकत नाही तिथे.

माजी_एमआर
एक गंमत सांगतो. पूर्वी औषध कंपनीचे एमआर म्हणून आम्ही डॉक्टरांकडे दिवाळीला डिनर सेट, बॅगा पोचवायचो. पुढे एकदा एका सिस्टरच्या घरी गेलो तर आमचाच सेट, खाली कंपनीची पट्टी तशीच. म्हणजे सरांनी कागद बदलून पुढे सरकवलेला. 2009 च्या डिसेंबरात मेडिकल कौन्सिलनं कंपन्यांकडून भेटी घ्यायला डॉक्टरांना बंदी केली, त्यानंतर बरेच डॉक्टर सिस्टरना 'यंदा जरा जमलं नाही' म्हणायला लागले 😄 भूलवाला सर, तुमचं स्वतःच्या खिशातलं असेल तर मानलं तुम्हाला.

रातपाळी
आणि भेट-भेट करताना पगाराचं कुणी बोलतच नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर समिती बसली, तिनं 2016 साली लिहून दिलं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला 20,000 च्या खाली नको, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार. आमच्याकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या पोरी आजही चौदा हजारावर लागतायत. हजाराच्या पाकिटानं त्यांना आनंद होतो हो, नाही असं नाही, मलाही झाला असता. पण तोच आनंद बघून मालकाला वाटतं चाललंय बरं. आणि आमच्या आयसीयूत निम्म्या मल्याळी ख्रिश्चन आहेत, त्यांचा सण ख्रिसमस, तेव्हा कुणाला आठवण नसते. उलट दिवाळीत आमचे ऑफ पडावेत म्हणून डबल ड्युटी त्याच करतात.

भूलवाला
डब्यात टाकणार नाही ते नाहीच. मी दिलेलं कुणाला मिळालं हे मला माहीत असायला हवं, आणि देताना नाव घेऊन दिलं की जे वाटतं ते रिसेप्शनच्या पाकिटात नाही. पण रातपाळी, तुमचं कपाटाचं डोक्यात राहिलं. आज त्या हॉस्पिटलच्या इन्चार्जकडून गेल्या महिन्याची ड्युटी लिस्ट मागून घेतली, नाइटच्या सहा जणी निघाल्या, त्यातल्या दोघींची नावं मला माहीतच नव्हती, बारा वर्षं जातोय मी तिथे. सगळ्यांना सारखं करतोय, रक्कम निम्मी होईल. मेट्रनबाई, निम्म्या रकमेत कुणाची लिस्ट सरकत असेल तर कळवा.

मेट्रनबाई
कळवते. आणि सर, ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करणारे मामा राहिले तुमच्या यादीत. अडीच वाजताचा तो ट्रे त्यांच्याच हातून येतो.