प्रथिनाचं झाकण मिटताना कसं बघायचं?

निपाणीकर:
एमएस्सीच्या प्रोजेक्टला अडेनिलेट कायनेज हे पेशीतलं प्रथिन घेतलंय. एटीपी, एएमपी हे छोटे रेणू धरले की याचं झाकण (प्रथिनाचा हलणारा भाग) मिटतं. उघडं रूप पाण्यात ठेवून घरच्या कॉम्प्युटरवर ग्रोमॅक्समध्ये (अणूंची हालचाल गणितानं काढणारं सॉफ्टवेअर) १०० नॅनोसेकंद चालवलं. झाकण नुसतं थरथरतंय बघा, मिटत नाही. त्यात दुपारी लाईट जाते. मला ते मिटताना बघायचंच आहे. काय करू?

खानापूरची ताई:
अरे, या हालचालीला मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुझ्या १०० नॅनोसेकंदांच्या दहा ते दहा हजार पट. आपल्या गणिताची एक पायरी २ फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग), म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ५० कोटी पायऱ्या. आणि दर पायरीला सगळ्या अणूंवरचं बल नव्यानं काढायचं! मेटाडायनॅमिक्स वापर. लायो आणि पारिनेल्लो या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत. झाकण आणि गाभा यांतलं अंतर धरायचं, आणि रेणू जिथं जाऊन आला तिथं थोडी थोडी ऊर्जा टाकत राहायची. खड्ड्यात माती भरत गेल्यासारखं; भरला की रेणू आपसूक पलीकडे जातो. मात्र असा ढकलून मिळवलेला वेळ खरा म्हणून प्रबंधात लिहू नकोस. कुठल्या अंतराला किती ऊर्जा, हा नकाशा तेवढा मांड.

शहापूर, बेळगाव:
लाईटची काळजी सोड की. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी, कुठवर आलं ते साठवणारी चेकपॉइंट फाईल लिहितं. तिथूनच पुढं चालू करायचं.

निपाणीकर:
ताई, एएमपी धरणारा भागही वेगळा हलतो ना? मग दोन अंतरं घेऊ?

खानापूरची ताई:
घे. तिसरं नको, वेळ भरमसाट वाढतो.